मेजरसाहेबांचं बेळगाव

विलायतेत गेल्यावर "लई" हा शब्द मला पहिल्यांदा ऐकू आला तो एका गोऱ्या माणसाच्या तोंडून. त्याआधी तो मीच एकदा उच्चारला होता आणि त्याचे परिणाम भोगले होते.

मी बेळगावला खेटून असलेल्या शहापूरचा. आमचे आप्पा लुगड्यांचे व्यापारी. घरचे थोडे माग होते, बाकीचा माल गल्लीतल्या विणकरांकडून यायचा. पुढं पुढं गिऱ्हाइकं ओरडायला लागली की लुगडं दोनदा धुतलं की काठाचा तांबडा रंग अंगभर पसरतो. तेव्हा आप्पांनी ठरवलं, थोरल्याला दुकानात बसवायचं आणि धाकट्याला विलायतेला पाठवून रंगाचं शास्त्र शिकवून आणायचं. थोरल्या अण्णाला गिऱ्हाईक सांभाळता येत होतं, मला येत नव्हतं. माझ्या निवडीमागं याहून मोठं कारण नव्हतं. गल्लीत मात्र मी फार हुशार असल्याची बातमी पसरली आणि मीही ती खोडून काढली नाही.

लीड्सला माझ्या कॉलेजात आणि आसपास मराठी बोलणारे पाच-सहा जण होते, सगळे पुण्यामुंबईचे. दिवाळीत त्यांनी मला बोलावलं. एकाच्या खोलीवर खिडकीत मेणबत्त्या लावल्या होत्या. घरमालकिणीनं वर येऊन आगीच्या भीतीनं त्या विझवल्या. मग दुकानातली बिस्किटं बशीत मांडून त्यांना शंकरपाळे म्हणायचं ठरलं. सगळे घरच्या आठवणी काढत होते, म्हणून मीही बोललो, "गेल्या दिवाळीला मी निपाणीला मावशीकडं गेलतो. लई मजा आली." मंडळी हसायला लागली. "गेलतो" हा शब्द त्यांनी एकमेकांत फिरवला, जसं नवं खेळणं फिरवतात. एकानं अगदी सभ्यपणानं विचारलं, तुमच्या घरी कानडी बोलतात का. मी म्हटलं, कानडीही बोलतात. मग मराठी कुठं शिकलात, असं दुसऱ्यानं विचारलं. मी म्हटलं, आईच्या मांडीवर. यावरही ते हसले. माझ्या मराठीचं इतकं कौतुक झालं की उरलेली दिवाळी मी इंग्रजीत साजरी केली.

दिवाळी अशी गेली आणि मग नाताळ आला. माझी घरमालकीण नाताळात बहिणीकडं जायची आणि जाताना घराला कुलूप लावायची. त्या घरात माझीही खोली आहे, ही गोष्ट तिच्या लक्षात येत नव्हती किंवा फारच चांगली येत होती. कॉलेजात दयाळू बायकांची एक समिती होती. परमुलखातल्या विद्यार्थ्यांना सुटीपुरतं चांगल्या ख्रिस्ती घरांत वाटून द्यायचं काम ती करायची, जशी कुत्रीची पिलं वाटून देतात. तिथल्या एका बाईनं मला बोलावून सांगितलं, की तू फार नशीबवान आहेस. दक्षिणेकडं समुद्रकाठी एक निवृत्त मेजर राहतात. ते किती वर्षं बेळगावचा मुलगा मागताहेत आणि आम्हाला तो मिळत नव्हता. गेल्या वर्षी त्यांना एक बंगाली पाठवला होता, पण त्यांचं समाधान झालं नाही.

असा मी मागणीप्रमाणे रवाना झालो.

त्या गावच्या स्टेशनवर मी उतरलो तेव्हा बारीक भुरभुर चालली होती. फलाटावर एक उंच, वाळका म्हातारा हातात काठी घेऊन उभा होता. गाडीतून उतरलेल्यांत काळा मी एकटाच, त्यामुळं ओळख पटवायचं काम सोपं होतं. तो सरळ माझ्यापुढं येऊन टाचा जुळवून उभा राहिला आणि म्हणाला, "राम राम. लई थंडी हाय."

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती महिन्यांत तो शब्द कानांवर पडला नव्हता, आणि पडला तो नेमका आमच्याकडच्या हेलात, ई लांबवून. मी त्यांचा हात धरायला पुढं झालो तेवढ्यात ते म्हणाले, "सामान उचल. चल, जल्दी कर."

डोळ्यांतलं पाणी होतं तिथंच थांबलं. सामान माझंच होतं, म्हणून मी ते उचललं.

मेजरसाहेब ऐन तारुण्यात बेळगावच्या पलटणीत आले होते आणि नंतर कँपातल्या एका कचेरीत अधिकारी झाले. मराठी ते शिपायांकडून शिकले होते आणि चोख शिकले होते. व्हय, न्हाय, गेलतो, आलतो, सगळं जागच्या जागी. पुण्याच्या मंडळींना ते दाखवावेत असं मला फार वाटलं. पण त्या मराठीत एक गंमत होती. शिपायांशी नि नोकरांशी बोलण्यापलीकडं त्यांना मराठीचा उपयोगच पडला नव्हता, त्यामुळं त्यांच्या मराठीत आज्ञार्थाशिवाय दुसरा अर्थच नव्हता. ये, जा, आण, ठेव, उचल, चूप. भूतकाळ होता, पण तो फक्त जाब विचारण्यापुरता: "कुठं गेलतास?" भविष्यकाळ धमकीसाठी राखून ठेवलेला. मी काही हमाल नाही, रंगशास्त्राचा विद्यार्थी आहे, हे त्यांना पूर्ण ठाऊक होतं. इंग्रजीत बोलताना ते मला आदरानं वागवायचे, माझ्या अभ्यासाची चौकशी करायचे, दार उघडून धरायचे. मराठीत शिरले की मी त्यांचा नोकर व्हायचो. आणि माझ्यावरच्या प्रेमापोटी ते जास्तीत जास्त वेळ मराठीतच बोलायचे.

त्यांच्या बंगलीच्या फाटकावर पाटी होती, "काकती". मी ती वाचून थबकलो. काकती म्हणजे बेळगावच्या उत्तरेला पुण्याच्या रस्त्यावरचं खेडं; आमच्याकडं लुगडी न्यायला तिथली माणसं यायची. ते नाव गुलाबाच्या वेलीखाली, इंग्लंडच्या समुद्रकाठी काय करतंय ते कळेना. मेजरसाहेबांनी सांगितलं की तरुणपणी तिथल्या माळावर त्यांनी पुष्कळ तितर मारले. गावातल्या पोस्टमनला तो शब्द इटालियन वाटायचा आणि सगळे त्याचा उच्चार "काकेटी" करायचे. मी बरोबर उच्चार केला तर मेजरसाहेबांनी मला दुरुस्त केलं.

आत गेलो. दाराशी पितळेची पिकदाणी होती आणि तिच्यात नाताळची हिरवी, काटेरी पानं नि तांबडी फळं सजवून ठेवलेली. बाजूला पाणी तापवायचा हंडा, त्यात छत्र्या. हे सगळं मी सोसलं. पण बैठकीच्या खोलीत शिरलो आणि माझी नजर खिडक्यांवर गेली. पडदे म्हणून तिथं लुगडी टांगली होती, तीही आमच्याकडची. तो काठ शहापूरचा होता. तो दिसला की आमच्या गल्लीतलं लहान पोरसुद्धा ओळखेल. उलटी टांगलेली, पदर खाली जमिनीवर लोळत होता आणि त्या पदरावर त्यांचा म्हातारा कुत्रा झोपला होता. आमच्या घरात पदराला पाय लागला तर आई पदराला हात लावून नमस्कार करायची. मी कुत्र्याकडं पाहत राहिलो. मेजरसाहेबांच्या मडमबाईंना वाटलं, मला कुत्रा आवडला. त्यांनी त्याला माझ्या पायांशी आणून बसवलं.

मडमबाईंचं मराठी मेजरसाहेबांहूनही नेमकं होतं. पाणी आण, गरम पाहिजे, साफ नाही, आणि चोर. चारच गोष्टींत त्यांनी बेळगावचा संसार केला होता. पण बाई मनानं वाईट नव्हत्या. मी येणार म्हणून त्यांनी मुद्दाम "बेळगाव करी" केली होती. मी घरचा शाकाहारी, हे मी आधीच कळवलं होतं. त्यामुळं त्यांनी मटण वगळून तिच्यात सफरचंदं, बेदाणे आणि उकडलेली अंडी घातली होती. रंग पिवळा होता; तेवढंच नातं. दोघंही माझ्या तोंडाकडं बघत बसले. मी एक घास घेतला.

"लई बेस?" मेजरसाहेबांनी विचारलं.

"लई बेस," मी म्हणालो. त्या एका खोट्याचं फळ मला चारही दिवस दोन्ही वेळा खावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मडमबाई म्हणाल्या की आता तू आम्हाला अस्सल जेवण करून घाल. मी सांगितलं, मला स्वयंपाक येत नाही. त्यांना ती थट्टा वाटली. मी पुन्हा सांगितलं, की आमच्या घरात पुरुष स्वयंपाकघरात जातात ते फक्त जेवायला. बाई मेजरसाहेबांकडं वळून म्हणाल्या, की काळ किती बदलला बघा, पूर्वी बेळगावातला प्रत्येक पुरुष उत्तम स्वयंपाक करायचा. मग माझ्या ध्यानात आलं. त्यांनी बेळगावात इतकी वर्षं जे पुरुष जवळून पाहिले ते सगळे खानसामे होते. शेवटी मी पिठलं करायला घेतलं. डाळीचं पीठ म्हणून त्यांनी मटारचं कसलंसं पीठ काढून दिलं. जे तयार झालं ते कुत्र्यानं हुंगलं आणि तो पुन्हा पदरावर जाऊन झोपला. त्याच्याविषयी माझं मत तेव्हापासून जरा सुधारलं.

नाताळच्या दिवशी दुपारी मोठं जेवण होतं. गावातले पाद्रीबुवा येणार होते. जेवणाच्या आधी मेजरसाहेबांनी मला आपल्या खोलीत नेलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. एका पेटीतून त्यांनी कागदात गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्या हातात ठेवली. ती उलगडली. बांधलेला तांबडा फेटा निघाला आणि त्याखाली पट्टेवाल्याचा रुंद लाल पट्टा, पुढं पितळी बिल्ला. बिल्ला इतका घासलेला की त्यावरची अक्षरं पुसट झाली होती. त्यांच्या कचेरीतल्या शिपायाचा तो पोशाख. तोच शिपाई घरी त्यांचा बेअराही होता, बुटांना पॉलिश करायचा, दौऱ्यावर तंबू ठोकायचा. बेळगाव सोडताना मेजरसाहेबांनी आठवण म्हणून त्याचा पट्टा मागून घेतला होता. आज हा पोशाख घालून मी पुडिंगचं ताट आत आणावं, म्हणजे जुन्या नाताळसारखा नाताळ होईल, अशी त्यांची इच्छा होती.

मला राग यायला हवा होता. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर अपमान करण्याचा हेतू कुठंच नव्हता, आणि तेच जास्त लागलं. त्याच्या मनात मला देण्याजोगी सगळ्यात मौल्यवान वस्तू तीच होती.

"पट्टा बांध," ते म्हणाले.

"बांधा म्हणा," मी म्हणालो.

त्यांना कळलं नाही. मी समजावून सांगितलं, की मराठीत बांध वेगळं आणि बांधा वेगळं. पाहुण्याला आमच्याकडं बांधा म्हणतात. मेजरसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. इतकी वर्षं आपण एक भाषा बोलतो आणि तिच्यात एक आकार राहूनच गेला, याचं त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. त्यांनी दोनदा मनाशी घोकलं आणि मग कवायतीच्या आवाजात म्हणाले, "पट्टा बांधा."

"नाही बांधणार," मी म्हणालो.

 त्यांनी पट्टा पुन्हा कागदात गुंडाळला, पेटीत ठेवला आणि इंग्रजीत म्हणाले, की अर्थात, अर्थात, जशी तुमची इच्छा. खाली जाताना दार त्यांनी उघडून धरलं. पुडिंग मडमबाईंनीच आणलं.

जेवताना पाद्रीबुवांनी विचारलं, बेळगावात नाताळ कसा होत असे. मेजरसाहेब खुलले. कँपातली थंडी, गुलाब, शर्यती, क्लबातली बॉल डान्सची संध्याकाळ. आणि लोकांचं प्रेम. नाताळच्या सकाळी गावातले व्यापारी, कंत्राटदार, सगळे टोपल्या घेऊन दारात रांग लावायचे. फळं, मिठाई, फुलांचे हार. इकडं इतकी वर्षं झाली, नाताळला शेजारी साधं डोकावत नाहीत. असं प्रेम पुन्हा मिळालं नाही, असं ते म्हणाले.

त्या टोपलीला आमच्याकडं डाली म्हणायचे. मी पाद्रीबुवांना सांगितलं की माझे वडीलही दर नाताळला ती घेऊन कँपात जायचे, कारण कँपाला कापड पुरवायचं काम त्यांच्याकडं होतं. मेजरसाहेब आनंदानं उठायलाच झाले. म्हणजे मी तुमच्या वडिलांना ओळखतो! कसे दिसतात? मी सांगितलं: पांढरा रुमाल, काळा कोट, चष्मा. हो हो, म्हणाले, चांगले आठवतात. मला वाटतं, त्यांना रांगेतले झाडून सगळेच आठवले असावेत. सगळे तसेच दिसायचे.

मडमबाईंनाही आठवलं. ते एक तपकिरी, रवाळ गोड आणायचे ना, म्हणाल्या, दुधाचं. तो कुंदा. त्या म्हणाल्या, आम्हाला ते फार गोड व्हायचं, पण कुत्र्यांना इतकं आवडायचं की ती नाताळची वाटच बघत बसायची.

तो कुंदा आमची आई स्वतः आटवायची. आदल्या दिवशी सकाळपासून चुलीपुढं बसलेली, दूध खाली लागू नये म्हणून हात थांबायचा नाही. आम्हा भावंडांना पातेल्याची खरवड मिळायची, तीही भांडून. डाली व्यवस्थित गेली की आप्पा मोकळा श्वास घ्यायचे आणि आई विचारायची, साहेबांना आवडला काय. आप्पा म्हणायचे, लई आवडला. आवडला होताच, फक्त कुणाला, ते त्यांना माहीत नव्हतं.

मी पाद्रीबुवांना सांगितलं की प्रेम होतं हे खरं, पण ज्या वर्षी टोपली लहान जायची त्या वर्षी कापडाचं काम दुसऱ्याच्या दारात जायचं, एवढं ते प्रेम नाजूक होतं. पाद्रीबुवांनी आपल्या ताटात पाहिलं. मग विषय बदलायला त्यांनी विचारलं, या घराचं नाव मोठं सुंदर आहे, त्याचा अर्थ काय? मेजरसाहेबांनी तितरांची गोष्ट सांगितली. मी विचार केला, आज एवढं बोललोच आहे तर तेही होऊन जाऊ दे. मी म्हटलं, काकती हे कित्तूरच्या राणीचं माहेर. तिनं कंपनी सरकारशी लढाई केली आणि पहिल्याच झटापटीत कलेक्टरसाहेब ठार झाले. आमच्याकडं त्या गावाचं नाव तितरांसाठी घेत नाहीत.

 मडमबाईंनी मला आणखी कोबी वाढला. मेजरसाहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. काकतीच्या माळावर त्यांनी इतके हिवाळे काढले, पण माळावर इतिहास उडत नाही. मला वाटलं, आता मला उद्या सकाळच्या गाडीला बसवतील. पण मेजरसाहेब विचार करून हळूहळू हसायला लागले. म्हणाले, तर मग ते शूरांचं गाव निघालं. निवड चांगलीच केली मी! नंतर दारात पाद्रीबुवांना निरोप देताना ते सांगत होते, की हे नाव एका शूर शत्रूच्या सन्मानार्थ दिलेलं आहे. पुडिंग पचायच्या आत राणीसुद्धा त्यांच्या मालकीची झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं कामाला येणाऱ्या बाईची सुटी होती. न्याहारीनंतर मी उठतो तर काय, मेजरसाहेब कोट काढून, पत्नीचा फुलाफुलांचा एप्रन बांधून मोरीपुढं उभे. आदल्या दिवशीची खरकटी भांडी तशीच पडली होती. ते घासू लागले आणि मी फडकं घेऊन पुसू लागलो. हात चांगला चालत होता त्यांचा, रोजची सवय दिसत होती. भांडी घासताना माणूस मोकळं बोलतो. ते बेळगावबद्दल विचारत होते. क्लबापुढचं चिंचेचं झाड आहे का? मी क्लबाच्या आवारात कधी गेलो नव्हतो. मला कोण जाऊ देणार? रेसकोर्स? लांबून पाहिलेला. मग मी विचारलं, शहापूरची विणकर गल्ली पाहिलीत का? नाही. संस्थानी हद्द होती ना, म्हणाले, तिकडं आमचं काय काम. एकाच गावाच्या दोन बाजूंना आम्ही राहिलो आणि दोघांना ओळखीची अशी एकही जागा सापडेना. शेवटी एक सापडली, रेल्वे स्टेशन. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

मग पट्ट्याचा विषय मीच काढला. विचारलं, तुमचा तो शिपाई कुठला? निपाणीकडचा, ते म्हणाले. फार इमानी माणूस. त्यांना टायफॉइड झाला तेव्हा तो अंथरुणाशी बसून होता, बायको तेव्हा इकडं होती. त्याच्याइतकं त्यांना कुणीच ओळखलं नाही, बायकोनंही नाही. मी म्हटलं, निपाणीला माझी मावशी आहे, परत गेलो की त्याची चौकशी करीन. नाव काय त्याचं?

मेजरसाहेबांचे हात पाण्यात थांबले. 

"आम्ही त्याला बॉय म्हणत असू," ते म्हणाले.

"वय किती होतं?"

"माझ्यापेक्षा मोठा असेल. केस पिकले होते."

मी ताट पुसत राहिलो. ते तोंडातल्या तोंडात नावं घेऊन बघत होते आणि एकेक नाव मान हलवून सोडून देत होते. नाव असेल हो त्याला, पगारपत्रकात असणारच, असं शेवटी म्हणाले आणि तीच थाळी पुन्हा घासायला घेतली. काल मी बोलून दाखवलेलं सगळं मला त्यापुढं फिकं वाटलं. त्यांचा उपहास करायला आता मी काही करायची गरज उरली नव्हती.

मी निघालो त्या सकाळी मेजरसाहेब स्टेशनवर आले. "या, बसा, जावा, परत या," असं सगळं आदरार्थी बोलत होते. आता तो आकार त्यांना इतका आवडला होता की निघताना त्यांनी कुत्र्यालाही "बाजूला व्हा" म्हटलं होतं. माझी बॅग त्यांनी स्वतः उचलून डब्यात ठेवली. मडमबाईंनी वाटेत खायला म्हणून डबा दिला होता. तो मी डर्बीपर्यंत उघडला नाही आणि डर्बीला ज्याला दिला त्याचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही.

पुढच्या नाताळला समितीच्या बाईंनी विचारलं, कुठं जाणार. पुण्याची मंडळी लंडनला एकत्र जमणार होती आणि मलाही बोलावणं होतं. मी मेजरसाहेबांकडं गेलो. का गेलो, याचं मोठं उत्तर माझ्यापाशी नाही. तिथं मला कुणी "गेलतो"ला हसत नसे, आणि त्या थंडीत तेवढं कारण पुरेसं होतं. करीमध्ये बेदाणे होतेच.

शिक्षण संपवून मी शहापूरला परतलो. रंगाचं शास्त्र मी शिकून आलो होतो, पण आमच्या विहिरीच्या पाण्याला ते ठाऊक नव्हतं, त्यामुळं काठाचा तांबडा पुढची दोन वर्षं पूर्वीसारखाच अंगभर पसरत राहिला. गल्लीतली माणसं मात्र रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायची आणि विलायतेच्या गोष्टी विचारायची. मी बोटीच्या सांगितल्या, गिरण्यांच्या सांगितल्या, जमिनीखालून धावणाऱ्या गाडीच्या सांगितल्या. सगळ्यांवर त्यांनी विश्वास ठेवला. एक दिवस दुकान बंद करताना आप्पांनी विचारलं, की साहेब आपल्या मुलखात, आपल्या घरात कसा असतो. मी मेजरसाहेबांचा एप्रन आणि ती खरकटी भांडी सांगितली. कुंद्याचं काय झालं ते सांगितलं नाही.

आप्पा ऐकत होते. आयुष्यभर ज्यांच्या व्हरांड्यात उभं राहून त्यांनी टोपल्या पोचवल्या होत्या, ते साहेब त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून मोरीकडं जात असावेत.

"सोता घासतोय म्हंतोस?"

"व्हय."

"आणि हिकडं आला की मग कसा बदलतोय?"

"बोट एडनच्या पुढं आली की बदलत असंल," मी म्हणालो.

आप्पांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "हे भाईर कुणापाशी बोलू नगंस रं. तू विलायतेला गेलतास ह्यावर कुणाचा इस्वास बसायचा न्हाय."